सहलीचा महिना कोण ठरवतं? दाजीपूरचं रान आणि मालवणचा दर्या



बचत गटाच्या बैठकीत हप्ते, पासबुकं, सह्या असं सगळं उरकलं की शेवटी एक विषय हमखास निघतो, सहलीचा. कुठं जायचं यावर फारसा वाद होत नाही. कबनूर, चंदूर, रुई, इचलकरंजी इकडच्या आम्हा बायकांना एक तर जंगल बघायचं असतं, नाही तर समुद्र. खरा वाद पेटतो तो कधी जायचं यावर. ज्यांची मुलं शाळेत आहेत त्या म्हणतात मे महिना. ज्यांच्या घरी माग आहेत त्या म्हणतात दिवाळी, कारण खडखडाट थांबतो तो तेव्हाच. मग कुणीतरी मोबाईलवर आलेली जाहिरात दाखवतं, जून-जुलैत समुद्राकाठच्या खोल्या निम्म्या दरात! गटाचे पैसे, म्हणजे महिन्याला शंभर-दोनशे करून साठवलेले. त्यामुळं निम्मा दर म्हटलं की सगळ्यांचे कान टवकारतात.

आजच्या भाषणात या 'कधी'चाच इतिहास सांगायचा आहे. रानाचा हंगाम आणि दर्याचा हंगाम आजच्या जाहिरातवाल्यांनी ठरवलेला नाही. तो फार आधी ठरलाय. तो समजून घेतला की जाहिरात कशी वाचायची हेही कळतं.

आपल्या आज्ज्या सहलीला जात नव्हत्या, यात्रेला जात होत्या. जोतिबाची मोठी यात्रा चैत्र पौर्णिमेला, म्हणजे रब्बीची सुगी घरात आल्यावर. सौंदत्तीला यल्लम्माकडं जायचं ते मार्गशीर्षात नाही तर माघात. माहेरपणाला पंचमी आणि दिवाळी. बाईला घराबाहेर पाऊल टाकायचं तर शेतातलं काम, नदीचं पाणी आणि बैलांची सवड या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागत. तेव्हा महिना बघून प्रवास करणं आपल्याला कुणी नव्यानं शिकवायला नको. फक्त रान आणि दर्या या दोन गोष्टी आपल्या पंचांगात नव्हत्या, त्या ज्यांच्या पंचांगात होत्या त्यांच्याकडं बघू.

आधी दर्या.

कोकणच्या किनाऱ्यावर वर्ष आगोटीला संपतं. आगोट म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाची बेगमी. लाकूडफाटा, तांदूळ, मीठ, सुकी मासळी भरून ठेवायची, होड्या किनाऱ्यावर वर ओढून झापांनी शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेपर्यंत पाण्याकडं पाठ करायची. पावसाळ्यात वारा समुद्रावरून थेट किनाऱ्यावर येतो. बंदरांच्या तोंडाशी लाटा फुटतात, आणि बाहेर गेलेल्या होडीला आत येता येत नाही. यात श्रद्धा आहे, तसा हिशेबही आहे.

हा हिशेब शिवाजी महाराजांनीही पाळला. मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली २५ नोव्हेंबर १६६४ रोजी. पाऊस सरून दर्या निवलेला महिना. पुढं फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज मालवणहून आरमार घेऊन आजच्या कर्नाटकातल्या बसरूरवर गेले. त्यांनी स्वतः जहाजावर चढून केलेली ही एकच मोठी मोहीम. महिना बघा, फेब्रुवारी. आणि परतताना वारा उलटा फिरल्यामुळं त्यांनाही अडकून पडावं लागलं. छत्रपतींना जिथं वाऱ्यापुढं थांबावं लागलं, तिथं आपण पन्नास जणी लाईफ जॅकेट न घालता होडीत बसतो, हे आमच्या काही पटत नाही. असो.

इंग्रजी अमलात आगबोटी आल्या. मुंबईहून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत गोव्याकडं जायची. बहुतेक ठिकाणी बोट किनाऱ्याला लागतच नसे. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि काखेत पोर, डोईवर बोचकं घेतलेल्या बाया हलत्या शिडीवरून लहान होडीत उतरायच्या. पण लोखंडाची, वाफेवर चालणारी ती बोटसुद्धा पावसाळ्यात बंद असायची. मेअखेरीला शेवटची फेरी झाली की चाकरमान्याचा गावाशी दर्यामार्गे संबंध तुटायचा तो श्रावण-भाद्रपदापर्यंत.

मग पावसाळ्यात कोकणात कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, तर माणूस जायचा कसा? इथं आपला जिल्हा येतो. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ साली. आपल्या हातकणंगले-रुकडीवरूनच ती जाते. मुंबईचा माणूस या रेल्वेनं कोल्हापूरला यायचा आणि इथून बैलगाडीनं, पुढच्या काळात मोटारीनं फोंडा, गगनबावडा नाही तर आंबोलीचा घाट उतरून गावी पोचायचा. दर्याचं दार बंद झालं की कोकणचं मागचं दार कोल्हापुरात उघडायचं. याच घाटांनी आपला गूळ खाली जायचा आणि मीठ, नारळ, आमसूल, सुकट वर यायची. घाटवाटेची ही देवाणघेवाण आपल्या स्वयंपाकघरात अजून दिसते.

पावसाळ्यात दर्यावर जायचं नाही हा नियम मुंबईजवळच्या छोट्या फेऱ्यांना मात्र लागू नव्हता. तिथं अंतर थोडं, म्हणून फेऱ्या चालू असत. १७ जुलै १९४७ रोजी, दिव्यांच्या अवसेला, 'रामदास' ही बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. सणाला गावी चाललेली माणसं, खचाखच भरलेली. वादळी वाऱ्यात लाटेनं बोट कलली, सगळी माणसं एका बाजूला धावली आणि बोट उलटली. सहाशेहून जास्त जीव गेले. स्वातंत्र्य मिळायला महिनाही उरला नव्हता. रायगड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत ती अवस अजून विसरलेली नाही.

आजही तोच हिशेब कायद्यात उतरलाय. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. वादळाचा धोका आहेच, शिवाय तो माशांच्या विणीचा काळ. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद ठेवतात. आता ती जाहिरात पुन्हा वाचा. जुलैत खोली निम्म्या दरात मिळते, कारण खोलीच्या पुढ्यातला समुद्र बंद असतो. किल्ला लांबून बघायचा. ताटातली सुरमई बहुधा बर्फातली. पाण्यात पाय घालायचा म्हटलं तरी काठावरचा माणूस शिट्टी मारणार, आणि त्यानं मारलीच पाहिजे. पाऊसच बघायचा असेल तर आंबोली आहे. तिथं वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, धबधबा रस्त्याकडेलाच आहे. पण तेव्हाही घाटातली दरड आणि घरामागची पंचगंगा दोन्ही विचारून निघायचं. ऑगस्ट २०१९ चा आणि जुलै २०२१ चा महापूर आपण बघितलाय. जाताना उघडा असलेला रस्ता येताना पाण्याखाली गेला, तर पोरं घरी आणि आई घाटात.

आता रान.

सफारी हा शब्द ऐकला की आपल्याला सफारी सूट तरी आठवतो, नाही तर टीव्हीवरचे आफ्रिकेतले सिंह. मूळ शब्द अरबी, सफर. तो आपल्या मराठीत फारसीच्या वाटेनं आला आणि पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत सफारी झाला. तिकडं जाणाऱ्या गोऱ्या शिकाऱ्यांनी तो उचलला आणि जगभर केला. म्हणजे सफर तीच, फक्त आफ्रिका फिरून, टोपी घालून परत आलेली.

कोल्हापूरचा आणि आफ्रिकेचा संबंध एवढ्यावर थांबत नाही. कोल्हापूर संस्थानात चित्ता पाळून, त्याला शिकवून हरणांची शिकार करायची पद्धत होती. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला गाडीवरून माळावर न्यायचं, काळवीट टप्प्यात आलं की टोपी काढायची. हे काम करणारे ते चित्तेवान. विसाव्या शतकात आपल्या देशात रानटी चित्ता मिळेनासा झाला, तेव्हा संस्थानानं थेट आफ्रिकेतून चित्ते आणवले. पुढं १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं सरकारनं जाहीर केलं. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून मध्य प्रदेशातल्या कुनोत चित्ते आणले, तेव्हा टीव्हीवाले जगात पहिल्यांदाच आफ्रिकेतून चित्ते आल्यासारखे बोलत होते. आपल्या कोल्हापुरानं ते आधीच बघितले होते, शिकारीसाठी का होईना.

चित्त्याला धावायला मोकळा माळ लागतो. उभ्या पिकात आणि चिखलात त्याचा काही उपयोग नाही. दाट रानातल्या शिकारीलाही पावसाळा चालत नाही. जळवा, कमरेइतकं गवत, हाताच्या अंतरावरचं दिसत नाही. म्हणून शिकारीचा काळ सुगीनंतर सुरू व्हायचा आणि उन्हाळ्यात रंगायचा, जेव्हा गवत वाळतं, पानं झडतात आणि जनावराला पाण्यावर यावंच लागतं. बंदूक गेली, कॅमेरा आला, तरी पाणवठ्याचा तो हिशेब अजून बदललेला नाही. आफ्रिकेतही लोक कोरड्या महिन्यांतच जास्त जातात, ते याच कारणानं.

आपल्याला जवळचं रान म्हणजे राधानगरी-दाजीपूर. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर धरण बांधायचं ठरवलं आणि तिथं वसवलेल्या गावाला आपल्या लेकीचं, राधाबाईंचं नाव दिलं. लेकीच्या नावानं गाव, ही गोष्ट आम्ही गटात मुद्दाम सांगतो. धरणाचं काम महाराजांच्या हयातीत पुरं झालं नाही, ते स्वातंत्र्यानंतर झालं. पण आज आपल्या शिवारात ऊस उभा आहे, त्यामागं त्या लक्ष्मी तलावाचं पाणी आहे. वरचं दाजीपूरचं रान संस्थानच्या काळात राजांच्या शिकारीसाठी राखलेलं होतं. राजाला शिकार हवी म्हणून रान तुटायचं वाचलं, ही इतिहासातली उलटी गंमत. १९५८ साली तिथं अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार देशभरच बंद झाली. १९८५ मध्ये अभयारण्य वाढवून ३५१ चौरस किलोमीटरचं केलं आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा मिळाला, त्यात राधानगरीचं नाव आहे.

त्या रानाचा मानकरी गवा. इंग्रज शिकारी त्याला बायसन म्हणत, म्हणून १९५८ साली नावही 'दाजीपूर बायसन अभयारण्य' पडलं. खरा बायसन अमेरिकेत आणि युरोपात. आपला गवा हा गाई-बैलांचा रानटी भाऊबंद. मोठा नर हजार किलोपर्यंत भरतो, अंग काळं कुळकुळीत आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. तो कळपानं सड्यावर उभा असताना बघणं हे भाग्य खरं. पण रानाच्या कडेला राहणाऱ्या बाईला विचारा. तिच्या उसात तो रात्रीत शिरतो आणि वर्षाचं पीक तुडवून जातो. आपण हौसेनं बघायला जातो तेव्हा ती माळ्यावर बसून डबा वाजवत जागते. तिथं जेवण सांगायचं तर तिच्या हातचं सांगा, एवढं आम्ही प्रत्येक गटाला सांगतो.

हे अभयारण्य पावसाळ्यात बंद असतं आणि दिवाळीच्या सुमारास उघडतं. इथंच पुष्कळ जणींची फसगत होते. दिवाळीला रान उघडं असतं, हिरवंगार असतं, थंडी छान, पण जनावर दिसत नाही. गवत उंच, झाडी भरलेली, ओढ्याओढ्याला पाणी. गव्याला तुमच्या रस्त्याकडच्या पाणवठ्यावर यायची गरजच काय? वनखात्याची प्राणीगणना कधी होते ते लक्षात घ्या. बुद्ध पौर्णिमेला, म्हणजे वैशाखात. रात्रभर मचाणावर बसून चांदण्यात पाण्यावर येणारी जनावरं मोजतात. खात्यानंच तो दिवस निवडला, यापेक्षा मोठी साक्ष कोणती?

आणि दर्याचं बरोबर याच्या उलट. दिवाळीनंतर पाणी निवळतं, वारा पडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात मालवणचं पाणी सगळ्यांत स्वच्छ. मार्चपासून दुपारचा वारा वाढत जातो आणि मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात दर्या खवळायला लागतो. म्हणजे मे महिना रानाला चांगला, दर्याला नाही. दिवाळी दर्याला चांगली, रानाला नाही. एकाच सहलीत दोन्ही उरकायला निघालेल्या गटाला कुठलं तरी एक अर्धवटच मिळतं.

दोन्ही थोडं थोडं साधायचं तर मधला काळ उरतो, माघ आणि फाल्गुन. तेव्हा दर्या अजून शांत आणि रान वाळायला लागलेलं. शिवाय रस्ता एकच. कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर, तिथून फोंडा घाट उतरून कणकवली आणि पुढं मालवण. जुन्या गुळाच्या गाड्यांचीच वाट. याच महिन्यांत किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट बघायला मिळते. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं हिवाळ्यात वाळूत अंडी घालतात आणि पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला आणि वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला गावकरी ती अंडी राखतात आणि सकाळ-संध्याकाळ पिल्लं दर्याला सोडतात.

पण माघ-फाल्गुन म्हटलं की बैठकीत दोन हात लगेच वर होतात. एक दहावी-बारावीच्या आयांचा, कारण परीक्षा. दुसरा हिशेब लिहिणाऱ्या ताईंचा, कारण मार्चअखेर. दोन्ही खरं आहे. शिवाय फाल्गुनात कोकणात शिमगा असतो, मुंबईकर गावी आलेले, एसटीत पाय ठेवायला जागा नाही. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीला अर्धं तिकीट झालंय, त्यामुळं गर्दीत आपणही आहोतच. म्हणून आमचं मत असं की माघातच जावं, शिमग्याआधी. आणि परीक्षावाल्या आयांनी हट्ट न धरता मेच्या पहिल्या आठवड्यात फक्त दाजीपूर करावं. त्यांना गवे आपल्यापेक्षा जास्त दिसतील.

हंगाम चांगला म्हणून दर्या सुरक्षित, असं मात्र कुणी समजू नये. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीला बेळगावहून आलेले ८ जण बुडाले. दोन्ही महिने सहलीचेच होते. महिना पंचांगात बघायचा, पण वेळ भरती-ओहोटीत बघायची. कोळी लोकांचा एक जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या आसपास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. त्याच्या आधी नि नंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. जागेनुसार थोडा फरक पडतो, म्हणून शेवटचा शब्द तिथल्या कोळ्याचा. पाणी ओसरत असताना आत ओढतं, तेव्हा गुडघ्याच्या वर जायचं नाही. अमावास्या-पौर्णिमेला भरती मोठी आणि ओढही मोठी.

हा हिशेब हातात धरून पोट भरणाऱ्या बायकाही आहेत. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवनाची सफर घडवतात. आपल्यासारख्याच बचत गटातल्या. हातात वल्हं, अंगात लाईफ जॅकेट, आणि कुठलं झाड कुठलं, पक्षी कुठला, खेकडा कुठं लपतो हे सगळं त्या सांगतात. चित्तेवानांच्या आणि राजांच्या गोष्टी सांगताना आम्हाला त्यात बाई कुठं सापडली नव्हती. इथं ती होडी चालवतेय.

आमच्या गटांत या माघाची वद्य पंचमी सध्या चर्चेत आहे. त्या दिवशी पाऊणपटीनं भरती पावणेचारला येते, म्हणजे सकाळी साडेनऊ-पावणेदहाला ओहोटी आणि दुपारी खाडीत पाणी भरत असणार. आदल्या दिवशी पहाटे कबनूरहून निघायचं, दाजीपूर दुपारपर्यंत, घाट उजेडात उतरायचा, मुक्काम खाली, आणि दुसऱ्या दिवशी जेवण आटपून दोनच्या सुमारास वेंगुर्ल्याच्या खाडीवर. होडीची वेळ तिथल्या ताईंना आधी फोन करून पक्की करायची, आणि पोहता न येणाऱ्यांची नावं गाडीत बसायच्या आधीच वेगळी लिहून घ्यायची.